सांधा

आमच्या घरातली माशांची टाकी काचेची नाही, ॲक्रिलिकची आहे. येणारे-जाणारे काच समजूनच तिच्यावर बोट वाजवतात आणि आवाज ऐकून थबकतात. काच टणटणते, ॲक्रिलिक टकटकतं. टाकी तीन फूट लांब, पंधरा इंच रुंद आणि अठरा इंच उंच आहे. सोळा इंचांपर्यंत पाणी भरलं की जवळजवळ १४० लिटर होतं, म्हणजे १४० किलो वजन. अकरा वर्षांपूर्वी माझ्या काकांनी ती स्वतःच्या हातानं केली. काकांचा धंदाच ॲक्रिलिकचा. ते दुकानांच्या पाट्या करतात.

बेळगावात पाट्या करणाऱ्याला तीन लिप्या हातात असाव्या लागतात. काकांच्या मते देवनागरी सगळ्यांत सोपी, कारण अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात आणि अख्खा शब्द एकाच तुकड्यातून कापता येतो. इंग्रजी आणि कन्नड अक्षरं सुटी. प्रत्येकाचं अंतर मोजून बसवावं लागतं, आणि कन्नडची गोलाई कानशीनं घासता घासता मनगट भरून येतं. २०२४ साली कर्नाटकात पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं, तेव्हा गावात वाद खूप झाले आणि काकांना कामही खूप मिळालं. "अक्षर कुठलं का असेना, सांधा तोच," एवढंच ते त्यावर बोलले. मी तेव्हा ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. साहित्याच्या विद्यार्थिनीला अशी वाक्यं फुकट मिळाली तर सोडवत नाहीत. त्यातल्या सांध्याकडे मात्र मी या पावसाळ्यापर्यंत नीट पाहिलंही नव्हतं.

टाकीत दोन ओरांडा गोल्डफिश आहेत. त्यांची नावं आजीनं ठेवली, व्हडलें आणि ल्हानशें. आजी बार्देसातली. १९६७ साली लग्न होऊन बेळगावात आली आणि पन्नासहून जास्त वर्षं भाजीवाल्यांशी, शेजारणींशी, शाळेतल्या बाईंशी, सगळ्यांशी मराठीत बोलली. माझी मम्मी संगमनेरची, त्यामुळे आमच्या घरात संध्याकाळचा रोझरी मराठीत, भांडण मराठीत आणि अभ्यास इंग्रजीत अशी वाटणी आहे. कोकणी फक्त आजी, पप्पा आणि काका यांच्यात चालायची. चार वर्षांपूर्वी आजीला विसर पडायला लागला. आधी अलीकडची माणसं गेली, मग घरातल्या वस्तूंच्या जागा गेल्या, आणि मग मराठी गेली. आता ती फक्त कोकणी बोलते. मम्मीला बऱ्यापैकी कळते. मला आणि माझ्या भावाला तुटक तुटक.

जेवायचं ती विसरते. म्हणजे ताट समोर असतं, घास हातात असतो, आणि पुढं काय करायचं ते निसटतं. एक दिवस मम्मीनं तिची खुर्ची टाकीसमोर ओढली. मासे इकडून तिकडं फिरत राहिले, आजी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि घास आपोआप तोंडात जात राहिले. तेव्हापासून तिची दोन्ही वेळची जेवणं टाकीसमोर होतात.

जूनमध्ये, सांज्यांवच्या आठवड्यात, आजी खाली बोट दाखवून म्हणाली, "उदक गळटा गो." स्टँडखाली थाळीएवढं ओलं होतं. मम्मीनं फडक्यानं पुसलं. रात्री पुन्हा तेवढंच. सकाळपर्यंत ओघळ आजीच्या खुर्चीच्या पायांपर्यंत आला होता.

घरात त्या दिवशी जी चर्चा झाली, तिला दोन्ही बाजूंनी धार होती. पप्पा म्हणाले, टाकी काढून टाकायची. नव्या फरशीवर पाणी दिसतही नाही. ७८ वर्षांची बाई घसरली, खुब्याचं हाड मोडलं, तर पुढं काय? मासे न्यायला एक ओळखीचे तयार होते. मम्मीनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आणि मग जेवायचं कसं?" नवी टाकी आणणं हाही मार्ग होता. पण याच आकाराची काचेची टाकी, ती पेलणारा नवा स्टँड आणि शिवाय सगळी हलवाहलव, हे त्या महिन्याच्या हिशेबात बसत नव्हतं.

पप्पा हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब घेऊन आले. तेवढ्यात काकांचा फोन आला. "दादा, ट्यूब उघडू नको. मी येतो."

काचेच्या टाकीला सिलिकॉन चालतं, कारण ते काचेला घट्ट धरतं. काचेच्या टाक्या तर सिलिकॉननंच जोडलेल्या असतात. ॲक्रिलिकला मात्र ते फक्त चिकटल्यासारखं दाखवतं. काही महिन्यांनी नखानं ओढलं तर दुधावरच्या सायीसारखं निघून येतं. त्याहून वाईट म्हणजे त्याचा तेलकट अंश मागं राहतो, आणि मग खरी दुरुस्ती करायला गेलं तर तीही धरत नाही. काकांनी हे सांगितलं आणि ट्यूब पप्पांच्या शर्टच्या खिशात परत घातली.

मग त्यांनी खोलीतले दिवे घालवले आणि मोबाइलचा टॉर्च टाकीच्या कडांवर तिरका धरला. चांगला सांधा दिसतच नाही, प्रकाश त्यातून आरपार जातो. जिथं सांधा सुटलाय तिथं दोन पाट्यांच्या मधे हवेचा पापुद्रा शिरतो आणि तो चांदीसारखा चमकतो. मागच्या डाव्या कोपऱ्यात, तळापासून चार इंचांवर, अशी चांदीची एक रेघ होती. खालच्या डाव्या कडेलाही एक होती, तिच्याहून छोटी. खात्रीसाठी काकांनी नळीनं पाणी थोडं थोडं काढायला लावलं. पाणी त्या चार इंचांच्या खुणेपर्यंत उतरलं आणि कडेवरचा थेंब धरायचा थांबला. गळती कुठं आहे ते ओल्या फरशीवरून कळत नाही, कारण पाणी कडेकडेनं वाट काढत भलतीकडेच पडतं. गळणं कुठल्या पातळीला थांबतं ते पाहायचं.

"पण सुटला कशानं?" मी विचारलं.

काकांनी स्टँडवर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला. गेल्या वर्षी फरशी बदलली तेव्हापासून स्टँडचा एक पाय किंचित खाली बसला होता. चार मिलिमीटर असेल. लाकडी टेबल चार मिलिमीटरनं कलतं तेव्हा आपण घडी घातलेला कागद सारतो आणि विसरतो. टाकी विसरत नाही. तिच्या समोरच्या पाटीवर पाण्याचा रेटा जवळजवळ ७५ किलोचा असतो, मागच्या पाटीवरही तितकाच. दिवसरात्र, सुट्टी न घेता. तळ सपाट टेकलेला असला की हा रेटा सगळ्या सांध्यांत वाटला जातो. तळाला पीळ बसला की एकाच कोपऱ्याच्या वाट्याला जास्त येतो.

"म्हणजे कोपऱ्यानं वर्षभर सगळ्यांचं ओझं सोसलं," मी म्हणाले.

"कोपरा आहे तो. सोसत-बिसत नाही," काका म्हणाले. "पाय कुठला खाली गेलाय बघ की आधी."

अडचण वेगळीच होती. ॲक्रिलिक जोडायला आपल्याकडे पाट्यांच्या धंद्यात सर्रास क्लोरोफॉर्म वापरतात. तोच, जुन्या सिनेमात खलनायक रुमालावर ओततो तो. १८४७ साली एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीच्या वेदना कमी करायला त्याचा वापर सुरू केला, आणि नंतर शरीराला, विशेषतः यकृताला, तो किती महाग पडतो ते कळल्यावर तो भूल देण्यातून मागं पडला. वर्कशॉपांमधून मात्र गेला नाही. काकांनी तीस वर्षं त्याचा वास घेतला. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की यकृत टिकवायचं असेल तर ही बाटली पुन्हा उघडायची नाही. तेव्हापासून त्यांच्याकडे अक्षरं बाहेरून लेझरवर कापून येतात, जोडायचं काम पोरं करतात आणि काका गिऱ्हाइकांशी बोलतात. एवढ्या मोठ्या टाकीचा सांधा त्या पोरांनी कधी केलेला नाही.

टाकी दुरुस्त करू शकणारा माणूस समोर उभा होता आणि त्याला बाटलीजवळ जायची मनाई होती. आजी त्यांचीही आई. ते बराच वेळ टाकीकडे बघत राहिले, मग माझ्या हातांकडे बघितलं.

"भरतकाम करतीस न्हवं? मग जमेल."

पुढचे आठ दिवस कॉलेज सुटलं की मी काकांच्या वर्कशॉपच्या मागच्या अंगणात टाकाऊ तुकडे जोडत होते. काका दहा फुटांवर, वाऱ्याच्या उलट दिशेला खुर्ची टाकून बसायचे. माझ्या तोंडावर रसायनांच्या वाफेसाठी असतो तो डबीवाला मास्क. कापडी मास्क इथं कुचकामी. डोळ्यांना चष्मा. हातमोजे होते, पण क्लोरोफॉर्म त्यांच्यातूनही फार वेळ अडत नाही, म्हणून थेंब पडला की मोजा बदलायचा. पंखा जमिनीलगत ठेवलेला, कारण ही वाफ हवेच्या चौपट जड असते; ती वर जात नाही, खाली साचते. "टाकीत डोकं घालायचं नाही," हे वाक्य काकांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी ते झोपेतही म्हटलं असेल.

दोन तुकडे काटकोनात ठेवायचे. सिरिंजमध्ये थोडासा द्रव घ्यायचा, बारीक सुई कडेला टेकवायची आणि दट्ट्या दाबायचा, जेमतेम. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती जादू वाटली. द्रव आपण ढकलत नाही. दोन पृष्ठभागांतल्या केसाएवढ्या फटीत तो आपणहून ओढला जातो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. चांदीची रेघ सुईच्या पुढं पुढं विझत जाते आणि तिच्या जागी काहीच दिसेनासं होतं.

मी त्याला गोंद म्हणत होते. काका प्रत्येक वेळी टोकायचे. गोंद मधे बसतो आणि दोन्ही बाजूंना धरून ठेवतो. हा द्रव मधे राहतच नाही. ॲक्रिलिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. द्रव दोन्ही पृष्ठभाग मऊ करतो, साखळ्या सुट्या होतात, इकडच्या तिकडं आणि तिकडच्या इकडं शिरतात. मग द्रव उडून जातो आणि साखळ्या एकमेकींत अडकून राहतात. नीट झालेल्या सांध्यात मधे तिसरं काही नसतं. दोन्ही कडांनी विरघळायला हवं मात्र. एक कड कोरडी, मळकी किंवा ओली राहिली की दुसरीनं कितीही विरघळून उपयोग नाही.

इथं मी वही काढली. काका म्हणाले, "लिही, लिही. पण हात धू आधी."

पाचव्या दिवशी त्यांनी माझे सांधे हातोडीनं तोडायला लावले. पहिल्या दिवसाचे तुकडे सांध्यावरच सुटले, स्वच्छ, जणू कधी भेटलेच नव्हते. पाचव्या दिवसाचा तुकडा तुटला तो सांध्याच्या बाजूनं, सांधा शाबूत ठेवून. काकांनी तो तुकडा खिशात टाकला. काही बोलले नाहीत, पण निघताना चहा त्यांनी सांगितला.

दरम्यान घरी टाकी रिकामी करायची होती. भरलेल्या टाकीचा सांधा जुळत नाही. ओल असेल तिथं क्लोरोफॉर्म धरत नाही, आणि पाटीवर रेटा असेपर्यंत फट मिटत नाही. मासे ९० लिटरच्या निळ्या प्लास्टिकच्या टबमध्ये गेले. त्यांच्याबरोबर टाकीतलंच पाणी आणि फिल्टरचा स्पंज, न धुता. त्या स्पंजमध्ये राहणारे जिवाणू माशांच्या मलातला अमोनिया पचवतात. स्पंज धुऊन स्वच्छ केला तर मासे आपल्याच घाणीनं मरतात. दर दोन दिवसांनी एक तृतीयांश पाणी बदलायचं, विहिरीचं, रात्रभर बादलीत ठेवलेलं. उरलेलं पाणी जास्वंदीला आणि कढीपत्त्याला. त्यांना या प्रकरणात सगळ्यांत जास्त फायदा झाला.

टब पारदर्शक नव्हता. गोल्डफिश मुळात वरून बघायचे मासे. चीनमध्ये ते शेकडो वर्षं मातीच्या आणि चिनीमातीच्या भांड्यांत पाळले गेले आणि वरूनच पाहिले गेले. पण आजीला उभं राहून टबमध्ये वाकणं शक्य नव्हतं. खुर्चीवरून तिला फक्त निळा प्लास्टिकचा काठ दिसायचा. रोज संध्याकाळी जेवायच्या वेळी ती विचारायची, "नुस्तें खंय गेलें?" रोज आम्ही सांगायचो. कोकणीत सांगावं लागायचं, म्हणून मी पप्पांकडून वाक्यं पाठ करून घेतली. ती ऐकायची, मान हलवायची, आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारायची. त्या सहा आठवड्यांत तिचं वजन दोन किलोनं उतरलं. मम्मी तिला भरवायची, कधी अर्धा तास, कधी एक. पप्पांनी "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. फक्त स्टँडच्या बसलेल्या पायाखाली पत्र्याचे तुकडे सारून, प्लायवूड बदलून, पाणसळ चारही दिशांनी ठेवून ते रोज तपासत राहिले.

रिकामी टाकी अठराएक किलोची, दोघांनी उचलण्यासारखी. काचेची असती तर दुपटीहून जड झाली असती. आम्ही ती काकांच्या वर्कशॉपमध्ये नेली. कडांवर पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर होता, तो पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरनं काढला. स्पिरिट नको, काच पुसायचा अमोनियावाला फवाराही नको. ॲक्रिलिकवर त्यांनी केसांसारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. मग चार दिवस पंखा आणि २०० वॉटचा बल्ब.

टाकी वाळली आणि पाऊस बसला. जुलै महिन्यातलं बेळगाव ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा. क्लोरोफॉर्म झपाट्यानं उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवेत दमटपणा असला की त्या गार जागेवर दव धरतं. सांधा पांढरा पडतो, धुकं धरल्यासारखा, आणि कच्चा राहतो. खोली बंद करून बल्बांनी कोरडी करावी, तर वाफ कोंडते. दारं-खिडक्या उघडाव्यात, तर पाऊस आत. माझ्या फुप्फुसांना वारा हवा होता आणि सांध्याला कोरडी हवा. दोन्ही एकदम देणारी गोष्ट एकच, उघडीप.

आम्ही उघडिपीची वाट पाहत राहिलो. रोज सकाळी काकांचा फोन यायचा. "आज नको." अकरा दिवस. बाराव्या दिवशी, संत इग्नेशियसच्या सणाच्या आदल्या दिवशी, उन्हं पडली. दहा वाजता काकांनी वर्कशॉपमधल्या लोखंडी पत्र्याला हात लावून पाहिला. कोरडा होता. "ये," एवढंच फोनवर म्हणाले. मी लेक्चरला निघालेली रिक्षा वळवली.

टाकी आम्ही ४५ अंशांत कलती केली, वाळूच्या पोत्यांवर, म्हणजे सुटलेला कोपरा पन्हाळीसारखा तळाशी आला. आधी फटीत सुईनं पातळ द्रव सोडला. चांदीची रेघ अर्धीअधिक विझली, पूर्ण नाही. काकांना तसंच अपेक्षित होतं; अकरा वर्षांच्या सांध्यात आत काय अडकलंय ते कुणाला दिसणार? म्हणून आतल्या कोपऱ्यात त्याच जातीच्या शीटची, १२ मिलिमीटर जाडीची, चौकोनी पट्टी बसवायची होती. तिच्या कडा खरवडून, ४०० नंबरच्या पॉलिशपेपरनं एकसारख्या केलेल्या. ज्योतीनं चमकवलेल्या नव्हेत, कारण तापवलेल्या कडेत ताण राहतो आणि द्रव लागला की ती चिरते. कोपऱ्यात जाणारी कोर थोडी मारलेली, आतला जुना फुगवटा अडू नये म्हणून. पट्टीसाठी द्रवही वेगळा होता, ॲक्रिलिकचा कीस क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काकवीसारखा घट्ट केलेला. तो पन्हाळीत ओतायचा, आणि पट्टी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश खाली निजवायची, हवा पुढं ढकलत. एकदम टाकली की बुडबुडा अडकतो, आणि अडकलेला बुडबुडा म्हणजे पुढची गळती.

"सावकाश," काका दारातून म्हणाले. "आणखी सावकाश. आता सोडू नको. दाब. जास्त नको. पुरे."

पट्टी बसली तशी तिच्या दोन्ही कडांनी काकवीची बारीक रेघ एकसारखी वर आली. मी डोकं बाहेर काढलं, मास्क काढला आणि पहिल्यांदा लक्षात आलं की काका दहा फुटांवरून चार फुटांवर आले होते. मी ओरडले तेव्हा मागं सरले.

तळाची पट्टी आम्ही १ ऑगस्टला बसवली, दुसऱ्या उघडिपीत. मग आठवडाभर टाकीला कुणी हात लावला नाही. वरून सुकलेला सांधा आत मऊच असतो. द्रव हळूहळू बाहेर पडत राहतो आणि ताकद त्याच्या वेगानं येते, आपल्या नाही. आठ तारखेला पहिलं पाणी भरलं, पाव टाकी, खाली वर्तमानपत्र पसरून. नवव्या तारखेला अर्धी. अकराला पूर्ण. दोन दिवस तशीच ठेवली. कागद कोरडा राहिला. पाणी दोनदा बदललं, काकांनी लांबून आणि मम्मीनं जवळून वास घेतला, आणि १४ ऑगस्टला टाकी घरी, सपाट स्टँडवर, आपल्या जागी बसली.

मला वाटलं होतं की आजी माशांना बघून काहीतरी म्हणेल. मी लेखासाठी ते वाक्य टिपायला तयारही होते. दुसऱ्या दिवशी, मरियामातेच्या सणाला, मिस्साहून आल्यावर तिची खुर्ची टाकीसमोर लावली. व्हडलें आणि ल्हानशें समोरून गेले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, जणू ते कुठं गेलेच नव्हते, आणि घास उचलला. नंतर तिची नजर मागच्या कोपऱ्याकडे गेली. पट्टी लपत नाही. तिची कड उजेडात दिसते आणि एका जागी, तळापासून दोन इंचांवर, माझ्या हातचा एक मोहरीएवढा बुडबुडा कायमचा आहे. काका म्हणतात तो सांध्याच्या वरच्या कडेला आहे, त्यानं काही होत नाही. आजीनं काकांकडे बघून कोकणीत विचारलं, हे तू केलंस का? काका म्हणाले, हिनं केलं. आजीनं माझ्याकडे पाहिलं. माझं नाव तिला आठवलं नाही. पण तिनं शेजारची खुर्ची थोपटली, आणि मी बसले.

वजन अजून भरून आलेलं नाही. दोन किलोतलं सव्वा किलो आलंय.

टाकीचं काम संपलेलं नाही. उजवीकडचा सांधाही अकरा वर्षांचाच आहे, आणि पीळ त्यानंही सोसला असणार. (काका वाचत असतील तर: सोसला नसेल, बसला असेल.) टॉर्च धरला की त्यात अजून चांदी दिसत नाही, पण काका म्हणतात की वाट बघण्यापेक्षा डिसेंबरात तिथंही पट्टी बसवून टाकू. हवा कोरडी असते, आणि नाताळचा गोठा मांडायच्या आत काम उरकेल. यावेळी मासे ठेवायला पारदर्शक डबा आणायचा आहे, आजीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवता येईल असा. पप्पांनी मापं घेतली आहेत. सिरिंज, सुया आणि मास्क माझ्या कपाटात आहेत. बाटली काकांच्या वर्कशॉपमध्ये, कुलपात, आणि किल्ली काकूकडे. मी रोज संध्याकाळी उजव्या कोपऱ्यावरून टिश्यू पेपर फिरवते. काल कोरडा होता. आजचा अजून बघायचा आहे.